बुरशी शरीरात टिकते कशी आणि रूप का बदलते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुरशीचं इन्फेक्शन म्हटलं की बहुतेक वेळा क्रीम कुठलं लावायचं आणि गोळी किती दिवस घ्यायची एवढ्यावरच बोलणं संपतं. पण ही बुरशी आपल्या शरीरासारख्या कठीण जागी जगते तरी कशी, हे कळलं की औषधं कशी चालतात, का चालत नाहीत, वेळ का लागतो हे सगळं आपोआप कळायला लागतं, म्हणून हे प्रश्न एकत्र केलेत.

जगात इतकी बुरशी आहे, मग आपण सगळे सारखे आजारी का पडत नाही?

बुरशीच्या लाखो जाती आहेत आणि माणसाला आजारी करणाऱ्या त्यातल्या फक्त काहीशे. श्वासाबरोबर रोज बीजाणू आत जातात तरी काही होत नाही, त्याचं एक कारण आपली प्रतिकारशक्ती आणि दुसरं, ज्याकडे फार कमी लोक बघतात, ते म्हणजे आपल्या अंगातली उष्णता. बहुतेक बुरश्यांना थंड जागा आवडते, ३७ डिग्रीला त्यांची प्रथिनं बिघडायला लागतात. २००९ साली रॉबर्ट आणि कॅसाडेव्हल या संशोधकांनी बुरशीच्या हजारो स्ट्रेनचा, म्हणजे एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांचा, डेटा तपासला तेव्हा दिसलं की ३० ते ४० डिग्रीच्या पट्ट्यात तापमान एकेक डिग्रीने वाढलं की दर वेळी साधारण ६ टक्के स्ट्रेन गळतात. म्हणजे ज्या बुरश्या आपल्यात राहू शकतात त्या मुळातच वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे उष्णता सोसायची यंत्रणा तयार असते.

एंझाइम म्हणजे पचनाचे ना? बुरशीत त्यांचं काय काम?

पचन हे फक्त एक काम झालं. पेशीत जी काही रासायनिक क्रिया होते, तोडणं, जोडणं, एका रेणूवरून दुसऱ्यावर फॉस्फेट लावणं, ती वेगाने करणारं प्रथिन म्हणजे एंझाइम. बुरशी एंझाइम बाहेर सोडून आपलं ऊतक विरघळवते, आत ठेवून विष निष्प्रभ करते, आणि काही एंझाइम तर फक्त निरोप पोचवायचं काम करतात, म्हणजे बाहेर गरम झालंय, आता जीन चालू करा, असं. शेवटचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यात किनेज (फॉस्फेट लावणारं), फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं), सायक्लेज (निरोपाचा रेणू बनवणारं) अशी नावं आहेत, पुढे येतीलच.

बुरशीला ‘स्ट्रेस’ येतो म्हणजे नक्की काय होतं?

आपल्या पांढऱ्या पेशींनी बुरशीला गिळलं की आत काय काय होतं बघा. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफाज या गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी एनएडीपीएच ऑक्सिडेज हे स्वतःचं एंझाइम चालू करून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा जहाल रेणू सोडतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, मॅक्रोफाजमधून नायट्रिक ऑक्साइड येतं, आतला कप्पा आम्लीय होतो, लोह आणि जस्त काढून घेतलं जातं, ग्लुकोज जवळपास मिळतच नाही. हे सगळं एकाच वेळी होतं, एक झालं की मग दुसरं असं नाही, आणि बुरशीला यातल्या प्रत्येकावर उत्तर द्यावं लागतं.

आपली ही यंत्रणा किती मोलाची आहे ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात दिसतं. या मुलांमध्ये तोच एनएडीपीएच ऑक्सिडेज काम करत नाही, आणि त्यांना अ‍ॅस्परजिलसची गंभीर इन्फेक्शन होतात, जी बुरशी निरोगी माणसाला सहसा काहीच करत नाही.

मग बुरशी यावर काय करते?

कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचं उदाहरण घेऊ कारण तिच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. तिच्याकडे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, हे एंझाइम सहा प्रकारचं आहे, त्यातले तीन पेशीच्या आत नाही तर बाहेरच्या बाजूला बसतात, म्हणजे पांढऱ्या पेशीने सोडलेलं सुपरऑक्साइड भिंतीपाशीच निकामी. त्यातून जे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं ते कॅटॅलेज फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. नायट्रिक ऑक्साइडसाठी वेगळं एंझाइम आहे, फ्लेव्होहिमोग्लोबिन नावाचं. आणि हे सगळं कधी वाढवायचं हे ठरवायला हॉग१ नावाचा किनेज आहे, जो मीठ जास्त झालं तरी जागा होतो आणि ऑक्सिडेशनचा मारा आला तरी जागा होतो.

उष्णतेचं काय? ताप आला तर बुरशी मरत नाही का?

काही मरतात, काही नाही. इथे ट्रेहॅलोज नावाची साखर कामाला येते, ती प्रथिनांना उष्णतेत आणि कोरडेपणात सांभाळते. ती दोन पायऱ्यांत बनते, टीपीएस१ एंझाइम ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट बनवतं आणि टीपीएस२ त्यावरचा फॉस्फेट काढतं. क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स या बुरशीतून टीपीएस१ काढून टाकलं तर ती ३० डिग्रीला नीट वाढते पण ३७ ला वाढत नाही, आणि प्राण्यांमध्ये आजारही करू शकत नाही. माणसाच्या शरीरात ट्रेहॅलोज बनतच नाही, आपल्याकडे फक्त ते फोडणारं ट्रेहॅलेज आहे, त्यामुळे टीपीएसवर औषध मिळालं तर आपल्याला त्रास कमी व्हायला हवा असा विचार करून बरेच लोक त्याच्या मागे लागलेत. मला स्वतःला हे टार्गेट, म्हणजे औषधाने मारायची जागा, फार आश्वासक वाटतं, ते का ते खाली परत येईल.

‘रूप बदलते’ म्हणजे काय, जात बदलते का?

नाही, जात तीच, डीएनए तोच. फक्त वाढायची पद्धत बदलते. यीस्ट म्हणजे सुटी गोल किंवा अंडाकृती पेशी, तिला अंकुर फुटतो आणि नवी पेशी वेगळी होते. हायफा म्हणजे लांब नळीसारखी वाढ, टोकाकडून पुढे पुढे जाणारी. काही बुरश्या दोन्ही करू शकतात, त्यांना द्विरूपी म्हणतात.

इथे एक गोष्ट नेहमी उलटी समजली जाते. कॅन्डिडा शरीरात शिरली की यीस्टची हायफा होते. पण हिस्टोप्लाझ्मा, ब्लास्टोमायसिस, पॅराकॉक्सिडिऑइडिस, स्पोरोथ्रिक्स, टॅलॅरोमायसिस मार्नेफाय या बाहेर मातीत किंवा सडलेल्या पाल्यात धाग्यासारख्या असतात आणि शरीराच्या उष्णतेत यीस्ट होतात. त्यामुळे ‘हायफा म्हणजे धोकादायक’ असा सरसकट नियम करता येत नाही. कॉक्सिडिऑइडिस तर तिसरंच काही करते, फुफ्फुसात तिचा मोठा गोळा होतो आणि तो फुटला की आतून शेकडो छोट्या पेशी बाहेर पडतात, त्या वेळी एमईपी१ नावाचं प्रोटिएज त्यांच्या अंगावरचं ओळख पटवणारं प्रथिन कापून टाकतं, म्हणजे प्रतिकारशक्तीला त्या दिसू नयेत.

कॅन्डिडाला कसं कळतं की आता रूप बदलायचं?

एकच खूण पुरत नाही. ३७ डिग्री, रक्तातलं सीरम, न्यूट्रल पीएच, एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामीन ही साखर, आणि कार्बन डायऑक्साइड. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के आहे आणि शरीरात ५ टक्क्यांच्या आसपास, एवढा फरक बुरशीला कळणारच. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज एंझाइम त्याचं बायकार्बोनेट करतं, बायकार्बोनेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चालू करतं, सायक्लेज सीएएमपी हा निरोप नेणारा छोटा रेणू बनवतं, सीएएमपीमुळे प्रोटीन किनेज ए सुटतं आणि ते ईएफजी१ या प्रथिनाकरवी हायफाची जीन्स चालू करतं. लांबलचक वाटतं पण बघायला गेलं तर एका एंझाइमने दुसऱ्याला जागं करायचं एवढंच आहे.

उष्णतेचा धागा वेगळा आहे. एचएसपी९० हे एटीपी (पेशीचं इंधन) फोडून चालणारं प्रथिन एरवी हा सगळा रस्ता दाबून ठेवतं. तापमान वाढलं की बिघडलेली प्रथिनं सांभाळण्यात ते गुंततं आणि दाब सुटतो. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं, आणि प्रयोगशाळेत एचएसपी९० औषधाने बंद केलं तर ३० डिग्रीलासुद्धा हायफा होतात.

म्हणजे स्ट्रेस सोसणं आणि रूप बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पुस्तकात दोन वेगळे धडे असतात म्हणून तसं वाटतं, पण पेशीत त्या एकच आहेत, आणि या पानावर एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मॅक्रोफाजने कॅन्डिडाला गिळलं. ग्लुकोज नाही, मग ती अमिनो आम्लं खायला लागते. ती खाताना नायट्रोजन उरतो तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकते, त्याने कप्प्यातलं आम्ल कमी होतं आणि पीएच वर येतो, आणि पीएच वर येणं हीच हायफा व्हायची खूण. त्याच्या जोडीला तिच्याकडे युरिया अमिडोलायझ हे एंझाइम आहे जे युरिया फोडतं, त्यातून अमोनिया तर येतोच पण कार्बन डायऑक्साइडही येतो, आणि तो थेट वर सांगितलेल्या सायक्लेजच्या रस्त्याला लागतो. हे एंझाइम काढून टाकलेली कॅन्डिडा मॅक्रोफाजमध्ये हायफा करू शकत नाही आणि बाहेर पडू शकत नाही. म्हणजे उपासमारीवर जो उपाय तिने केला त्यातूनच रूप बदललं, आणि रूप बदललं म्हणून मॅक्रोफाज फोडून सुटका झाली. टीपीएस१ चंही तसंच, कॅन्डिडातून ते काढलं तर उष्णता सोसत नाही हे ठीक, पण हायफाही नीट होत नाहीत. म्हणून मला ते टार्गेट आवडतं, एका जागी मार बसला तर दोन्हीकडे परिणाम होतो.

हायफा झाल्याने इतकं काय बिघडतं?

२००३ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. कॅन्डिडाचा असा स्ट्रेन बनवला ज्याचं रूप बाहेरून औषध देऊन ठरवता येतं. उंदरांना यीस्ट रूपातच अडकवलेली कॅन्डिडा दिली तर अवयवांत बुरशी भरपूर सापडली तरी उंदीर जगले, हायफा होऊ दिल्या तर मेले. म्हणजे नुसती संख्या मारत नाही.

मग काय मारतं? बरंच काही, पण त्यातलं एक २०१६ साली सापडलं, कॅन्डिडालायसिन, ३१ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा जो आपल्या पेशीच्या पटलाला छिद्रं पाडतो. तो हायफा असतानाच बनतो. बुरशी तो आधी ईसीई१ नावाच्या लांब प्रथिनात बांधून बनवते आणि मग केक्स२ हे एंझाइम त्याला कापून मोकळं करतं, म्हणजे इथेही एंझाइमने कापलं नाही तर विष तयारच होत नाही. शिवाय दहा प्रकारची अ‍ॅस्पार्टिल प्रोटिएज आहेत ज्यांना सॅप म्हणतात, त्यातली सॅप४ ते सॅप६ हायफाबरोबर वाढतात. जाता जाता सांगतो, एचआयव्हीचा प्रोटिएजसुद्धा याच कुळातला आहे, आणि एचआयव्हीवरची काही औषधं प्रयोगशाळेत सॅपलाही रोखतात असं दिसलंय.

हिस्टोप्लाझ्मा यीस्ट होऊन लपते कशी?

तिचा डीआरके१ नावाचा हिस्टिडीन किनेज आहे, २००६ मध्ये दाखवलं गेलं की तो नसेल तर धाग्याचं यीस्ट होत नाही आणि आजारही होत नाही. यीस्ट झाल्यावर ती भिंतीवर अल्फा-ग्लुकानचा थर चढवते (ग्लुकान म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी) कारण खालचा बीटा-ग्लुकान आपल्या पांढऱ्या पेशींवरच्या डेक्टिन-१ या रिसेप्टरला लगेच ओळखू येतो, आणि जिथे बीटा-ग्लुकान डोकावतो तिथे ईएनजी१ एंझाइम तो छाटून टाकतं. मग ती मॅक्रोफाजच्या आतच आरामात वाढते.

अशीच एक गोष्ट पॅराकॉक्सिडिऑइडिसची, जी मुख्यतः दक्षिण अमेरिकेत आढळते. लहानपणी मुलगे मुली सारखेच आजारी पडतात पण मोठेपणी पुरुषांमध्ये आजार कितीतरी पटीने जास्त, कारण स्त्रियांमधलं इस्ट्रोजेन या बुरशीचं धाग्यातून यीस्टमध्ये होणारं रूपांतर अडवतं.

क्रिप्टोकोकस मेंदूतच का जाते?

ती फुफ्फुसातून शिरते, पण प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेली असेल, मुख्यतः एचआयव्ही पुढच्या टप्प्यात असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज आणते. तिचं युरिएज हे एंझाइम युरिया फोडून अमोनिया करतं आणि रक्तातून मेंदूत शिरायला मदत करतं, उंदरांत युरिएज काढलेली बुरशी मेंदूत कमी पोचते. लॅकेज हे तांबं असलेलं एंझाइम डोपामीनसारख्या पदार्थांपासून मेलॅनिन बनवतं, आणि मेंदूत डोपामीन आहेच. मेलॅनिनमुळे ती ऑक्सिडेशनचा मारा सोसते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीविरोधी औषधालाही थोडी दाद देईनाशी होते. रूप बदलणं तिच्यातही आहे पण वेगळ्या तऱ्हेचं, फुफ्फुसात काही पेशी इतक्या मोठ्या होतात की पांढऱ्या पेशीला गिळताच येत नाहीत, त्यांना टायटन पेशी म्हणतात, आणि त्यामागेही तोच सीएएमपीचा रस्ता.

साखर बंद केली तर कॅन्डिडा उपाशी मरेल का?

नाही. वर आलंच की ती अमिनो आम्लं खाते. २००१ मध्ये दाखवलं गेलं की मॅक्रोफाजमध्ये ती ग्लायऑक्झिलेट चक्र चालू करते, आयसोसिट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज या दोन एंझाइमच्या जोरावर, आणि मग फॅटी आम्लं, अ‍ॅसिटेट यांवरही निभावते. साखर नसेल तर दुसरं खायचं ही तिची मुख्य ताकद आहे. डायबेटिस असेल तर साखर आटोक्यात ठेवणं फार गरजेचं आहे, बुरशीच्या दृष्टीनेसुद्धा, पण ती गोष्ट वेगळी, तिथे पांढऱ्या पेशींचं कामच मंदावलेलं असतं. म्युकरमायकोसिसच्या बाबतीत सगळ्यांनी ऐकलंय, अनियंत्रित डायबेटिस आणि स्टेरॉइड एकत्र आले की धोका कसा वाढतो ते.

आणि हो, आतड्यात कॅन्डिडा असणं हा आजार नाही, कितीतरी निरोगी माणसांत ती शांतपणे असते.

‘बुरशीची भिंत विरघळवणाऱ्या’ एंझाइम कॅप्सूल मिळतात, घ्याव्यात का?

पैसे वाया. त्यातल्या कित्येकांत सेल्युलेज असतं आणि कॅन्डिडाच्या भिंतीत सेल्युलोज नसतंच, ती ग्लुकान, मॅनन आणि कायटिनची असते.

मग खरी औषधं कुठे मारतात?

बहुतेक एंझाइमवरच. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल वगैरे अ‍ॅझोल औषधं लॅनोस्टेरॉल १४-अल्फा-डिमिथिलेज अडवतात, त्यामुळे बुरशीच्या पेशीच्या पटलातला अर्गोस्टेरॉल हा गरजेचा घटक बनत नाही. टर्बिनाफिन त्याच रस्त्यावरचं आधीचं स्क्वालिन इपॉक्सिडेज अडवतं. कॅस्पोफंजिनच्या गटातली औषधं भिंतीचं ग्लुकान सिंथेज अडवतात. फ्लुसायटोसिन तर उलट चालतं, बुरशीचंच सायटोसिन डीअमिनेज एंझाइम त्याचं विषात रूपांतर करतं, आपल्या पेशीत ते एंझाइम नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन बी मात्र एंझाइमवर नाही, सरळ अर्गोस्टेरॉलला चिकटतं.

अडचण अशी की बुरशी आणि आपण उत्क्रांतीत जवळचे, बॅक्टेरियाइतके लांबचे नाही. कॅल्सिन्युरिन या एंझाइमचं उदाहरण घ्या. हा फॉस्फेटेज नसेल तर क्रिप्टोकोकस ३७ डिग्रीला वाढत नाही हे १९९७ पासून माहीत आहे, आणि कॅन्डिडात कॅल्सिन्युरिन रोखला तर एरवी फक्त वाढ थांबवणारी अ‍ॅझोल औषधं तिला ठार मारायला लागतात. म्युकरमध्ये (म्युकरमायकोसिसच्या कुळातली बुरशी) तो रोखला तर बुरशी यीस्ट रूपातच अडकते. इतकं चांगलं टार्गेट, पण त्याला रोखणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं आपलाही कॅल्सिन्युरिन रोखतात, प्रतिकारशक्ती दाबण्यासाठीच ती अवयव बदललेल्या पेशंटना देतात. त्यामुळे फक्त बुरशीच्या कॅल्सिन्युरिनला बसेल असा रेणू हवा आणि त्यावर काम चालू आहे.

औषध मध्येच सोडलं तर काय होतं? बरं तर वाटतंय.

खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असं नाही. अ‍ॅझोल औषध असताना उरलेल्या पेशी मेलेल्या नसतात, एचएसपी९० आणि कॅल्सिन्युरिनच्या आधाराने तग धरून बसलेल्या असतात, औषध गेलं की परत वाढतात. आणि जिवंत राहिलेल्यांतच पुढे बदल होतात, कुणाचं टार्गेट एंझाइम बदलतं, कुणी औषध बाहेर फेकणारे पंप वाढवते. गजकर्णाच्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या जातीत स्क्वालिन इपॉक्सिडेजच बदललेलं सापडतं, मग टर्बिनाफिन कितीही घ्या, लागू होत नाही. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसमध्ये तर शेतीत फवारलेल्या अ‍ॅझोलमुळे तयार झालेले रेझिस्टंट स्ट्रेन अशा पेशंटमध्येही सापडतात ज्यांनी आयुष्यात ते औषध घेतलेलं नाही.

त्यामुळे कृपा करून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. आणि स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम मनाने लावू नका, लाली जाते, खाज जाते, पण त्या जागची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरत राहते, आणि डॉक्टरांना नंतर चट्टा बघून ओळखणंही कठीण जातं.

नवीन काही येतंय का?

येतंय, पण हळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरश्यांची यादी काढली, १९ नावं आहेत, सगळ्यात वरच्या गटात क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. ग्लुकान सिंथेजलाच पण गोळीच्या रूपात रोखणारं आयब्रेक्साफंजर्प २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ओलोरोफिम हे बुरशीचं डीएचओडीएच एंझाइम अडवतं, म्हणजे डीएनएसाठी लागणारा कच्चा मालच बंद, आणि फॉसमॅनोजेपिक्स जीडब्ल्यूटी१ ला अडवतं ज्यामुळे प्रथिनं भिंतीला अडकवता येत नाहीत. ही दोन्ही पूर्णपणे नवीन टार्गेट आहेत, जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या स्ट्रेनवरही चालू शकतील अशी, आणि दोन्हींच्या माणसांवरच्या चाचण्या बऱ्याच पुढे गेल्यात. टीपीएस१ वर मात्र अजून दवाखान्यात मिळेल असं एकही औषध नाही.